सालईच्या फाट्यावरचा खांब

१

बबनराव गिअरच्या सायकलवर बसले ते साठीला टेकल्यावर, आणि तेही हौसेनं नाही. वर्ध्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक म्हणून एकतीस वर्षं पाने फिरवलेला माणूस. निवृत्त झाला की ओसरीवर पेपर वाचत बसेल, दुपारी घोरेल, असंच सगळ्यांनी धरलं होतं. पण त्यांच्या मुलीचं, अपेक्षाचं, ठरलेलं लग्न मोडलं. पोरगी वर्षभर खोलीबाहेर येईना. ताट जसंच्या तसं परत यायचं. मग कधीतरी तिची मैत्रीण रुचिका आणि रुचिकाचा नवरा योगेंद्र, ज्याचं बाजारात सायकलींचं दुकान आहे, तिला ओढूनताणून त्यांच्या रविवारच्या टोळीत घेऊन गेले. संध्याकाळी ती मातीनं माखून घरी आली आणि दोन पोळ्या जास्त जेवली.

बबनरावांना एवढं पुरलं. आठ दिवसांत त्यांनी एक जुनी सायकल घेतली, सुटी करून अंगणात पसरली, पुन्हा बांधली आणि पोरीच्या मागं लागले. तिच्यासोबत राहायचं होतं, दुसरं काही नाही. टोळीत त्यांची जागा शेवटची. पंक्चर, चेन, ब्रेक यांची सगळी हत्यारं त्यांच्या पाठीवरच्या पिशवीत, म्हणून ते मागं, असं ते सांगायचे. चढावर दम लागतो हे मात्र त्यांनी कधी कबूल केलं नाही.

टोळीची एक रीत होती. टेकड्यांतल्या वाटांना फाटे फार, आणि सगळे काही एका वेगानं चालत नाहीत. म्हणून प्रत्येक फाट्यावर योगेंद्र त्याच्या लगेच मागच्याला थांबवायचा. त्यानं तिथं उभं राहून हात लांब करून वाट दाखवायची. याला नाव पडलं खांब, लहानपणच्या खांबखांबोळीवरून. सगळे पुढं गेले की शेवटी बबनराव यायचे, खांबाच्या खांद्यावर थाप मारून "मोकळा" म्हणायचे, तेव्हा कुठं खांबानं हलायचं. त्याआधी नाही. ऊन लागो, माकडं अंगावर येवोत, हलायचं नाही. या रीतीनं तीन वर्षांत एकही माणूस चुकला नव्हता, आणि बबनरावांना याचा अभिमान होता. शेपूट म्हणायचे सगळे त्यांना, तेही त्यांना आवडायचं.

त्या रविवारी निघताना नलूनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, चहाचा कप हातात देता देता एवढंच म्हटलं, "पोरीले सोबत नेऊन राह्यले, सोबतच आणजा."

हे ती दर रविवारी म्हणायची. ते दर रविवारी हुं म्हणायचे.

२

डिसेंबर संपत आला होता. सायकली पिकअपमध्ये घालून मुकेश ड्रायव्हरनं त्यांना कारंज्याच्या अलीकडं, टेकड्यांच्या पायथ्याशी आणून सोडलं आणि स्वतः गाडी घेऊन पलीकडच्या डांबरी रस्त्यावर गेला. टोळी टेकड्या ओलांडून दुपारपर्यंत तिथं उतरणार होती. त्या दिवशी सात जण होते. योगेंद्र, रुचिका, अपेक्षा, बबनराव, दुकानातला हिशेबनीस पियुष आणि सावंगीच्या कॉलेजातले दोन तरुण मास्तर, जे आपसात इंग्रजी बोलायचे आणि चढावर एकदम गप्प व्हायचे.

सगळ्यांच्या अंगात टोळीची हळदी रंगाची जर्सी, डोक्याला हेल्मेट, आणि धूळ फार म्हणून तोंडाला डोळ्यांपर्यंत दुपट्टा गुंडाळलेला. अशा वेळी माणूस चेहऱ्यानं ओळखू येत नाही. बबनराव सायकलींच्या आवाजावरून ओळखायचे. पियुषची चेन कोरडी, अपेक्षाचा मागचा ब्रेक किंचाळायचा. खुद्द त्यांच्या सायकलची सीट कुरकुरायची. आदल्या दिवशी ग्रीस लावलं तरी कुरकुरायची. गावच्या सायकली नीट करणाऱ्याची स्वतःची अशी, यावरून अपेक्षा त्यांना फार चिडवायची.

तुरीची शेतं संपली, शेतांमधली पांधण संपली, सागाचं जंगल लागलं. वाळक्या पानांवरून चाकं गेली की इतका आवाज व्हायचा, की बोलणं ऐकू येईना. पहिल्या फाट्यावर पियुष उभा होता. बबनरावांनी त्याला मोकळं केलं. दुसऱ्यावर रुचिका. तिलाही मोकळं केलं, आणि तिनं काका पाणी पिऊन घ्या म्हणून दम दिला. सगळं नेहमीसारखं चाललं होतं.

तिथून पुढं त्यांच्या समोरच्या चाकातली हवा कमी वाटायला लागली. उतरून त्यांनी पंप काढला. तेवढ्या वेळात रुचिका पुढं निघून गेली. शेवटच्या माणसाला हे चालतं, पुढं खांब असतोच.

३

सालईचं झाड पांढुरक्या अंगाचं, आजूबाजूच्या सागांतून लांबून दिसतं. त्याच्याखाली खांब उभा होता. हळदी जर्सी, हेल्मेट, दुपट्टा. डावा हात सरळ लांब केलेला, वाट डावीकडं.

बबनरावांचं लक्ष चाकात होतं. दोन मास्तरांतला कोणीतरी असेल, असं त्यांनी मनात धरलं. जवळून जाताना त्यांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "मोकळा."

जर्सी ओली होती. म्हणजे घामानं ओली नाही. रात्रभर अंगणात दोरीवर राहिलेले कपडे सकाळी हाताला लागतात तशी गार, दमट. दहा वाजले होते, ऊन चांगलं तापलं होतं. खांबानं मान वळवली नाही, काका थँक्यू नाही, काही नाही. सायकल उचलली आणि डावीकडच्या वाटेनं वर निघाला. नवीन लोकांना रीतभात कमीच, असं मनाशी म्हणत बबनराव त्याच्या मागं लागले.

वाट वळणावळणाची होती. तो माणूस एका वळणापलीकडं गेला आणि मग दिसलाच नाही, पण कुरकुर ऐकू येत होती. बबनरावांना वाटलं, आपलीच सीट. चढ आला म्हणून ते सीटवरून उठून पायडलवर उभे राहिले.

कुरकुर चालूच राहिली. पुढून येत होती.

ते थांबले, एक पाय जमिनीला टेकला. पुढची कुरकुर क्षणभर आणखी चालली आणि थांबली. ते निघाले, ती निघाली. असं दोनदा झालं. टेकडीत आवाज परत येतो, डेपोच्या पत्र्याच्या शेडमध्येसुद्धा एकाचा हातोडा दुसऱ्या टोकाला वाजायचा, हे त्यांनी स्वतःला समजावून सांगितलं आणि पटवूनही घेतलं. एकच गोष्ट पटेना. वाटेवर बोटभर धूळ होती. पुढं सहा सायकली गेल्या असतील तर चाकांच्या खुणांची नुसती जाळी पडायला पाहिजे. धुळीत एकाच सायकलची खूण होती.

त्यांनी पायडल जोरात मारायला सुरुवात केली. ते आता सरळ सरळ घाबरले होते, आणि घाबरलो हे कळू नये म्हणून आपल्याशीच मोठ्यानं बोलत होते.

४

वरच्या पठारावर टोळी सावलीला बसलेली दिसली तेव्हा त्यांना इतकं हायसं वाटलं, की त्यांनी लांबूनच घंटी वाजवली. संत्री सोलणं चाललं होतं. बबनराव उतरले, सायकल आडवी केली आणि सवयीनं मोजलं. पाचच जण होते.

"अपेक्षा कुठं हाय?"

योगेंद्र हसत उठला. तिला त्यानं नाल्याच्या फाट्यावर खांब केलं होतं. काकांनी तिला मोकळं करून सोबत आणलं असेल, मागून येत असेल, असं तो म्हणाला.

"कोणता नाला?"

मग उलगडत गेलं. टोळी सालईपासून सरळ गेली होती, खाली उतरून नाला ओलांडून वर चढली होती. बबनरावांना नाला लागलाच नव्हता. सालईच्या खांबानं डावीकडं वळवलं, असं ते म्हणाले तेव्हा योगेंद्रचा चेहरा बदलला. तिथं त्यानं कोणालाच उभं केलं नव्हतं. रुचिकाही तिथून सरळ आली होती, तिला कोणी दिसलं नव्हतं. "सालईपाशी फाटा कुठं हाय, काका?" तो हळूच म्हणाला. "सीधी वाट हाय ती."

बबनरावांनी मास्तरांकडं पाहिलं. दोघांच्या जर्स्या घामानं चिकटलेल्या, हातात संत्र्याच्या फोडी, आणि दोघंही नाही नाही म्हणत होते. आपल्या पुढं कोणी पठारावर आलंय का, हे विचारायचं त्यांच्या ओठावर आलं होतं. विचारलं नाही. गुराख्याची वाट असेल, कोणी गावातलं पोरगं उभं असेल, चूक माझीच, असं काहीबाही म्हणून त्यांनी विषय मिटवला. कारण आता डोक्यात दुसरंच आलं होतं. अपेक्षा अजून नाल्यावर उभी आहे. शेपूट आल्याशिवाय ती हलणार नाही. फोनला तर टेकड्या सुरू झाल्यापासून रेंज नव्हती.

योगेंद्र सोबत येतो म्हणाला. एवढ्या लोकांत ऐकून घ्यावं लागलं, तीन वर्षांत पहिल्यांदा माणूस सुटला आणि तो स्वतःच्या पोटचा, ही लाज त्यांना खात होती. ते फटकन बोलले, "माह्या पोरीले मी आणतो. तू या सगळ्यायले खाली ने."

ही त्यांची मोठी चूक. पण बबनराव तसेच होते, डेपोत साहेबालाही हात लावू द्यायचे नाहीत.

५

नाला पठारापासून फार लांब नव्हता. उताराची वाट, दहा मिनिटांत ते खाली आले. पाणी आटलेलं, गोटे पांढरे पडलेले. तिथं तीन वाटा भेटत होत्या. एक सालईकडून येणारी, एक पठाराकडं चढणारी, आणि एक नाल्याच्या कडेकडेनं खाली जाणारी.

अपेक्षा उभी होती. सायकल कमरेला टेकवलेली, हात पठाराकडं लांब केलेला. त्यांना पाहून तिनं हात खाली घेतला नाही.

बबनरावांना रडूच फुटायचं बाकी होतं. ते तिच्याकडं धावत गेले आणि पाच पावलांवर आपोआप थांबले, कारण ती मागं सरली होती. सायकल मध्ये घेऊन.

"काऊन वं? मी हाय," ते म्हणाले. दुपट्टा ओढून काढला, हेल्मेट काढलं, घामानं भिजलेलं टक्कल दाखवलं. "चाल. मोकळी."

ती हलली नाही. तिचे डोळे मोठे झाले होते आणि ती रडत होती, बराच वेळ रडत असावी.

"बाबा येऊन गेले," ती म्हणाली. "मागून आले, शेपूट येते तसे. म्हणे, मोकळी करायले मी परत येतो. म्हणे, त्याच्या आधी समोरून एक जण येईन. माह्यासारखाच दिसन, माह्यासारखाच बोलन. मोकळी म्हणन. हलू नको."

बबनरावांनी तिला सगळं सांगितलं, घाईघाईनं, उलटसुलट. सालई, डावीकडची वाट, धुळीतली खूण. सांगताना त्यांनाच ऐकू येत होतं, की हे सगळं खोट्या माणसानं रचल्यासारखं वाटतंय. शेपूट कधी समोरून येते का? तिनंही तेच विचारलं. मग त्यांनी शेवटचं, आतलं, काढलं. तू खोलीबाहेर येत नव्हतीस त्या वर्षी मी रोज पहाटे तुझ्या दाराबाहेर येऊन बसायचो, तुझा श्वास ऐकू येतो का ते पाहायचो, आणि नलू उठायच्या आत निघून जायचो. हे त्यांनी जन्मात कोणाला सांगितलं नव्हतं. नलूलाही नाही.

अपेक्षानं तोंडावर हात धरला.

"तेही त्यांनी सांगतलं," ती म्हणाली.

६

मग कुरकुर ऐकू आली.

सालईकडच्या वाटेनं, सागाच्या पानांतून, सावकाश. चढावर दम लागलेल्या माणसाची सायकल जशी वाजते तशी. बबनराव जागच्या जागी उभे होते, त्यांची सायकल मागं आडवी पडलेली होती. अपेक्षानं मान वळवली. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्यांनी पाहिलं, आणि त्या दिवशी जे जे पाहिलं त्यातलं हेच त्यांना सगळ्यात सहन झालं नाही. तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. बाप आला म्हणून.

पानांच्या आड हळदी रंग थांबला. पाठीवरची पिशवी दिसली, हत्यारांनी एका बाजूला झुकलेली. चेहरा दिसला नाही, दुपट्टा होता. खोकला आला, तोच जो नलू रोज सकाळी ऐकते आणि दवाखान्यात जा म्हणते.

"अपेक्षा," तो म्हणाला. "मोकळी. वाटेवर तो उभा हाय, खालून चाल."

तिनं सायकलवर टांग टाकली. बबनरावांनी तिचं नाव घेतलं, तिच्या सायकलचं हँडल धरायला गेले. ती किंचाळली. वडिलांना पाहून किंचाळली. तिनं त्यांचा हात झटकला आणि नाल्याच्या कडेच्या वाटेनं खाली सुसाट गेली. पानांतली सायकल तिच्या मागं निघाली, नेहमीच्या अंतरावर, घाई न करता. अपेक्षाचा ब्रेक किंचाळत गेला आणि त्याच्या मागून कुरकुर.

बबनराव सायकल उचलून मागं लागले. पहिल्याच वळणावर मुरुमात समोरचं चाक सरकलं आणि ते गोट्यांवर पडले. गुडघा फुटला, चेन तुटली. चेन जोडायला त्यांना एरवी तीन मिनिटं लागत. आज पिन दोनदा गवतात पडली आणि दुसऱ्यांदा सापडली नाही. त्यांनी सायकल तिथंच टाकली आणि लंगडत धावत सुटले. पुढं नाल्याच्या कडेची वाट तुटलेली होती, सगळे दगड आणि काटे. दोन सायकली तिथून गेल्याच कशा, हे त्यांना कळेना. त्यांनी नाला सोडून टेकडीच्या धारेवर चढायला घेतलं, वरून तरी काही दिसेल म्हणून.

आपलंच डोकं फिरलं असेल, हाही विचार त्यांनी केला. ऊन लागलं असेल. पडताना डोकं आपटलं असेल. पोरगी मजेत खाली पोचली असेल आणि आपण इथं भुतासारखे काट्यांतून हिंडतोय. हे खरं असावं, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

७

दोन वाजले असतील. धार संपली आणि समोर एकदम कडा आला. खाली डांबरी रस्ता, रस्त्याच्या कडेला मुकेशची पिकअप. हवा इतकी स्वच्छ होती, की सायकलींच्या चाकांवर ऊन चमकताना दिसत होतं. बोलणं वरपर्यंत येत होतं.

हळदी जर्स्या. योगेंद्र रांग लावून मोजत होता. गाडीत चढण्याआधी तो नेहमी मोजतो. ज्यानं त्यानं आपला आकडा मोठ्यानं म्हणायचा आणि आकडा जुळला की निघायचं. एक, तो स्वतः. दोन रुचिकानं म्हटलं. तीन, चार, पाच. सहा म्हणाली ती अपेक्षा. आवाज ओळखू आला, जरा दमलेला पण ठीक होता.

"सात," तिच्या शेजारचा म्हणाला, आणि खोकला.

योगेंद्रनं त्याच्या पाठीवर थाप मारली. काका, टेन्शनच दिलं तुम्ही आज, असं काहीतरी म्हणून हसला. रुचिका अपेक्षाच्या गळ्यात पडली. सगळ्यांनी दुपट्टे सोडले होते. त्या एकाचा अजून तोंडाला होता आणि कोणी त्याला काही म्हणत नव्हतं.

बबनरावांनी हाक मारली. होता नव्हता तेवढा जीव एकवटून ते ओरडले, "अपेक्षा!"

ती थांबली. एकटी तीच थांबली, बाकीचे सायकली चढवण्यात गुंतले होते. तिनं कपाळावर हात आडवा धरून वर टेकडीकडं पाहिलं, बराच वेळ पाहिलं, थेट त्यांच्याकडं. त्यांनी दोन्ही हात हलवले. ती शेजारच्याकडं वळली आणि त्याला काहीतरी विचारलं. त्यानंही वर पाहिलं. दुपट्ट्याच्या वर डोळे असायला पाहिजेत तिथं ऊन पडलं होतं, आणि त्या उन्हात बबनरावांना जे दिसलं ते पुरतं दिसलं नाही, कारण पाहिल्या पाहिल्या त्यांनी नजर काढून घेतली.

पुन्हा खाली पाहिलं तेव्हा तो नाही म्हणून मान हलवत होता. त्यानं अपेक्षासाठी गाडीचं दार उघडून धरलं, आणि ती आत बसली.

मुकेशनं मागचा फाळका लावला आणि गाडी वर्ध्याच्या दिशेनं निघाली.